फुकटच्या शेळीचा हिशेब

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याच्या पश्चिमेला, कोबार, बर्क, विल्कॅनिया या कोरड्या पट्ट्यात, मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या वहीत एक चमत्कारिक जमा असते. जनावर त्याने विकत घेतलेलं नसतं, त्याला लस टोचलेली नसते, चारा घातलेला नसतो. आपल्या रानात अशी जनावरं किती आहेत, हेही त्याला धड सांगता येत नाही. तरी ट्रक भरून माल रवाना झाला की पैसे मात्र त्याच्या खात्यात येतात. हे जनावर म्हणजे मोकाट शेळी. दुष्काळात तिने त्या भागातली कितीतरी घरं तगवली, यात वाद नाही. वाद आहे तो तिचं पुढे काय करायचं याचा. निसर्गरक्षणाच्या बाजूने बोलणारे तिला आक्रमक उपद्रवी प्राणी म्हणतात आणि शक्यतो एकही शिल्लक राहू नये असं त्यांना वाटतं. शेतकऱ्यांना ती देवाने पाठवलेली कमाई वाटते, आणि तिच्या वाटेला कुणी जाऊ नये असं त्यांचं म्हणणं असतं.

माझं मत दोघांनाही रुचणार नाही. शेळी विकून पोट भरायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तिला मोकाट ठेवून विकण्याला. जी शेळी शेतकऱ्याला हवी आहे ती त्याने कुंपणात घ्यावी, मोजावी, तिच्या चराईची जबाबदारी उचलावी. जी कुंपणात येणार नाही ती बाजारभावाकडे न बघता हटवावी. आज ती सोयीप्रमाणे कधी उपद्रव असते, कधी मालमत्ता. या दुटप्पीपणात जमीन तर झिजतेच, शेतकऱ्याचंही दीर्घकाळाचं नुकसान होतं, आणि ते त्याला दिसत नाही कारण ते कुठल्याच पावतीवर येत नाही.

शेळ्या ऑस्ट्रेलियात आल्या १७८८ मध्ये, इंग्रजांच्या पहिल्या ताफ्यासोबत. पुढे खाणकामगार, रेल्वेचे रूळ टाकणाऱ्या टोळ्या, आडवाटेच्या वस्त्या, सगळ्यांनी दुधामटणासाठी त्या बाळगल्या. गाय जिथे तग धरत नाही तिथे शेळी धरते. खाण बंद पडली, वस्ती उठली, माणसं निघून गेली आणि शेळ्या मागे राहिल्या. एकोणिसाव्या शतकात लोकरीसाठी अंगोरा आणि काश्मिरी जातीही आणल्या गेल्या, तो धंदा बसला तेव्हा त्यातल्याही बऱ्याच रानात गेल्या. १९७० च्या दशकात या मोकाट कळपांच्या अंगावर कश्मिरी लोकर असल्याचं लक्षात आलं आणि पुन्हा एकदा आशा पालवली. तीही फार काळ टिकली नाही. शेळीवर श्रीमंत होण्याचे बेत त्या देशात अधूनमधून होत आले आहेत.

पण आणलेली शेळी सगळीकडे फोफावली नाही. ती वाढली ती मेंढ्यांच्या प्रदेशात, आणि त्याचं कारण फार बोलकं आहे. डिंगो हा रानकुत्रा जिथे भरपूर आहे तिथे शेळ्यांचे कळप टिकत नाहीत. मेंढ्या वाचवण्यासाठी ऑस्ट्रेलियाने क्वीन्सलँडपासून दक्षिणेच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत सुमारे ५,६०० किलोमीटरचं डिंगोविरोधी कुंपण उभं केलं. त्या कुंपणाच्या आतल्या अंगाला मेंढी सुरक्षित झाली, तशी शेळीही झाली. पाण्याचंही तेच. बर्कजवळ कलारा इथे १८७८ मध्ये पहिली आर्टेशियन विहीर, म्हणजे जमिनीखालच्या दाबाने पाणी आपोआप वर येणारी विहीर, लागली. त्यानंतर मेंढ्यांसाठी या प्रदेशात ठिकठिकाणी कूपनलिका, खोदलेली तळी, हौद झाले. बर्कला वर्षाकाठी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, ब्रोकन हिलला त्याहून शंभरेक मिलिमीटर कमी. मेंढ्यांसाठी माणसाने पाणी वर काढलं नसतं, तर एवढी शेळी या रानात कडक उन्हाळ्यात तगली नसती.

म्हणजे शेळी फुकट मिळते हे निम्मंच खरं. तिचं संरक्षण आणि तिचं पाणी मेंढीच्या खर्चाने आणि बरंचसं सरकारी पैशाने झालेलं आहे. तिसरा खर्च चाऱ्याचा, तो जमीन भरते. शेळी मागच्या पायांवर उभी राहून माणसाच्या डोक्याहून वरची पानं ओरबाडते. मुल्गा या बाभळीच्या कुळातल्या झाडाखाली नवं रोप उगवलं की ते तिच्या तोंडी लागतं. म्हातारी झाडं उभी दिसतात, त्यामुळे रान हिरवं आहे असं वाटतं, पण त्यांच्या जागी यायला खाली पोरं नसतात. कोरड्या मातीवर शेवाळ, दगडफूल यांचा एक पातळ पापुद्रा असतो, तो माती धरून ठेवतो. खुरांनी तो फुटला की वारा माती उचलतो. पिवळ्या पायांची रॉक वॉलबी ही डोंगरकपारीत राहणारी लहान कांगारूसारखी जात शेळ्यांच्या वाढीने मागे हटली, कारण कपारी दोघांनाही लागतात आणि शेळी दांडगी असते. न्यू साउथ वेल्सच्या मुटाविंजी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स डोंगररांगांत या वॉलबीसाठी शेळ्या हटवण्याचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. फ्लिंडर्समधला ‘बाउन्सबॅक’ कार्यक्रम १९९२ पासूनचा. केंद्रीय पर्यावरण कायद्यात मोकाट शेळ्यांची चराई आणि त्यातून होणारी जमिनीची नासाडी यांची नोंद ‘प्रमुख धोकादायक प्रक्रिया’ म्हणून झालेली आहे. ही नोंद एका हाताने करणारा देश दुसऱ्या हाताने शेळीच्या मटणाच्या निर्यातीत जगात आघाडीवर आहे, आणि त्या मटणाचा फार मोठा हिस्सा याच मोकाट कळपांतून येतो.

शेतकऱ्याला दोष देण्याआधी त्याची बाजू नीट पाहायला हवी. १९९१ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या लोकरीची हमीभाव योजना कोसळली. किलोला ८७० सेंटपर्यंत चढवलेला आधारभाव टिकवण्यासाठी लोकर महामंडळ लोकर विकत घेत राहिलं, गोदामांत चाळीस लाखांहून अधिक गासड्या साठल्या, आणि शेवटी हात टेकले. तेव्हा देशात सतरा कोटींच्या आसपास मेंढ्या होत्या. त्यांतल्या कितीतरी खड्डे खणून गोळ्या घालून पुरल्या, कारण त्यांना बाजारात न्यायचं भाडंही सुटत नव्हतं. ज्या माणसाने स्वतः पाळलेली मेंढी अशी मातीत घातली, त्याला रानातली न पाळलेली शेळी पैसे देऊ लागली तर तो तिला उपद्रव कसा म्हणेल? पुढे सहस्रकाच्या वळणावरचा लांबलेला दुष्काळ आला, मग २०१७ ते २०१९ चा. मेंढ्या आणि गुरं विकून रान रिकामं केल्यावर हातात उरली ती शेळी. बँकेचा हप्ता, डिझेल, पोरांच्या वसतिगृहाची फी तिच्यावर निघाली. शहरात बसून या माणसाला जैवविविधता शिकवायला जाणारा मार खाऊनच येईल, आणि त्यात मला गैर वाटणार नाही.

तरीही कमाईची रीत बघावी लागते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, रानातली डबकी आटतात, आणि शेळीला हौदावर यावंच लागतं. हौदाभोवती जाळीचा वाडा असतो. आत शिरायला एकच वाट, दोन्ही बाजूंनी लोखंडी सळ्या आतल्या बाजूला निमुळत्या होत गेलेल्या, नरसाळ्यासारख्या. शेळी डोकं घालते, सळ्या फाकतात, ती आत जाते आणि सळ्या पुन्हा मिटतात. पाणी पिऊन परत फिरली की सळ्यांची टोकं थेट तोंडासमोर. काही ठिकाणी सळ्यांऐवजी मातीचा चढ असतो. चढावरून आत उडी मारता येते, आतून बाहेर मारता येत नाही. शेतकरी सुरुवातीला वाट सताड उघडी ठेवतो, कळपाला सवय लागू देतो, मग एके रात्री सळ्या लावतो. सकाळी आत शेळ्या असतात, त्यांच्यात बिचकलेलं एखादं कांगारूही असतं, त्याला सोडावं लागतं. मोटारसायकल, कुत्री आणि हेलिकॉप्टर घेऊन कळप हाकून आणण्याची रीतही आहे, पण तिला खर्च फार. पाण्यावर धरलेली शेळी स्वस्त पडते. १९९९ पासून सरकारी मदतीने आर्टेशियन पाण्याचे उघडे पाट बंद करून नळ आणि हौद केले गेले, तेव्हा पाणी वाचलंच, शिवाय शेळीला यायच्या जागा मोजक्या झाल्या. शेतकऱ्याच्या हाती आपोआप एक लगाम आला.

वाड्यात माल निवडतात, आणि माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. मोठे बोकड, भरलेल्या शेळ्या ट्रककडे. करडं, हडकुळ्या माद्या, वजनात न बसणारं सगळं वाड्याच्या दुसऱ्या दारातून परत रानात. कत्तलखाना वजनावर पैसे देतो. लहान जनावराचं भाडंही सुटत नसेल तर ते ट्रकमध्ये चढवणार कोण? शेतकऱ्याच्या दृष्टीने सोडलेलं करडू म्हणजे पुढच्या वर्षीचा बोकड, रानात ठेवलेली ठेव. जमिनीच्या दृष्टीने मात्र ते आणखी एक वर्ष खाणारं तोंड, आणि मादी असेल तर त्या वर्षात आणखी तोंडं आणणारं.

इथे थोडं गणित करू. शेळी सहा-सात महिन्यांची झाली की फळू शकते, पाच महिन्यांत विते, जुळी सर्रास होतात. चारापाणी चांगलं असलं आणि कुणी हात लावला नाही, तर कळप एका वर्षात पाऊणपटीने वाढू शकतो असं तिथले अभ्यासक मानतात. शंभराच्या एकशेपंच्याहत्तर. संख्या वाढू द्यायची नसेल तर त्यांतल्या पंच्याहत्तर दरसाल काढायला हव्यात, म्हणजे दहांतल्या चाराहून जास्त. आणि तेही काढलेल्यांत माद्या प्रमाणात असतील तर. ट्रकमध्ये बोकडच जास्त चढले तर काढलेल्या आकड्याला काही अर्थ राहत नाही, कारण पन्नास माद्यांना दोन-चार बोकड पुरतात. तेव्हा ‘आम्ही धरून विकतो, म्हणजेच आम्ही नियंत्रण करतो’ हा जो दावा शेतकरी संघटनांपासून सरकारी पत्रकांपर्यंत सगळीकडे ऐकू येतो, तो तपासल्याशिवाय मानू नये. धरून विकणं म्हणजे कापणी. कापणी करणाऱ्याला पुढचं पीक हवंच असतं. त्यात पाप काही नाही, पण त्याला नियंत्रण म्हणून अनुदान मागणं किंवा जाहीर कौतुक करून घेणं बरोबर नाही.

बाजार तर या गणिताला उलटा टांगतो. मटणाचा भाव २०२० च्या सुमारास सोललेल्या धडाला किलोमागे नऊ ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला होता. २०२३ मध्ये तो तीन डॉलरच्याही खाली घसरला. चौदा किलोचं धड धरा: नऊच्या भावाने १२६ डॉलर, अडीचच्या भावाने ३५. त्या पस्तिसातून ट्रकभाडं, शेळ्या गोळा करून कत्तलखान्याला पुरवणाऱ्या डेपोवाल्याचं कमिशन आणि धरायची मजुरी वजा करा. असल्या भावाला सळ्या लावायला हौदावर कोण जाणार? वाडे उघडे राहतात, शेळी पाणी पिते आणि निघून जाते. म्हणजे ज्या वर्षी भाव पडतो त्या वर्षी रानातली शेळी वाढते, आणि ते वर्ष पावसाचं असेल तर वाऱ्याच्या वेगाने वाढते. पुढे कोरडं पडलं की सगळ्यांच्या शेळ्या एकदम पाण्यावर येतात, सगळेच एकदम धरतात, आणि डेपोत रांगा लागून भाव आणखी पडतो. पाऊस पडला की शेळ्या रानोमाळ पांगतात, माल मिळत नाही आणि भाव चढतो. आपला माल केव्हा विकायचा हे ज्याला ठरवता येत नाही त्याला बाजारात भाव कधीच नीट मिळत नाही. मोकाट शेळीच्या बाबतीत ते हवामान ठरवतं.

मालाच्या प्रतीबद्दलही एक कबुली द्यायला हवी. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ही म्हण या धंद्याइतकी क्वचितच कुठे लागू पडेल. एकाच ट्रकमध्ये वर्षाची शेळी आणि पाच वर्षांचा, लांबून वास येणारा शिंगाळ बोकड असतो. अमेरिका हा सर्वांत मोठा ग्राहक. तिथले कॅरिबियन, लॅटिन अमेरिकी, दक्षिण आशियाई घरांतले लोक रश्श्यासाठी तुकडे केलेलं गोठवलेलं मटण घेतात, त्यात वातडपणा झाकला जातो. तैवान आणि दक्षिण कोरियाला कातडीसकट धड लागतं. ज्याला बरा भाव हवा त्याला एकसारखा माल द्यावा लागतो, आणि एकसारखा माल मोकाट कळपातून येत नाही. १९९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतली बोअर जात विलगीकरणाचा काळ संपवून ऑस्ट्रेलियन शेतकऱ्यांच्या हाती आली, तेव्हापासून कित्येकांनी रानशेळ्यांवर बोअर बोकड सोडून अंगाने भरणारी प्रजा तयार केली. हे करायला मात्र कोणती मादी कोणाला लागली हे आपल्या हातात हवं. म्हणजे पुन्हा कुंपण.

कुंपणात शेळी घेणाऱ्याला व्यवस्था काय देते? शिक्षाच म्हणायची. ऑस्ट्रेलियात मेंढ्या-शेळ्यांच्या कानात इलेक्ट्रॉनिक टॅग बसवणं १ जानेवारी २०२५ पासून नव्याने जन्मणाऱ्या जनावरांना सक्तीचं झालं. रानात धरून थेट कत्तलखान्याकडे निघालेल्या मोकाट शेळीला मात्र त्यातून सूट आहे. कारण पटण्यासारखं आहे: रानटी बोकडाला धरून कानात टॅग ठोकायचा म्हणजे त्यालाही त्रास आणि माणसाच्या बरगड्यांनाही धोका. पण परिणाम बघा. जो शेतकरी जाळी घालतो, करडं सांभाळतो, मोजतो, त्याला दर करडामागे टॅगचा खर्च आणि नोंदींची कटकट. जो काहीच करत नाही त्याला सूट. दोन शेजाऱ्यांपैकी निष्काळजी शेजाऱ्याला स्वस्तात माल विकू देणारा नियम जबाबदारी कशी वाढवणार? २०२२ मध्ये इंडोनेशियात लाळ्या-खुरकूत पसरला तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या पशुधनक्षेत्राची झोप उडाली होती. उद्या तो रोग आत शिरलाच, तर ज्यांची नोंद नाही, संख्या माहीत नाही आणि ज्या एका रानातून दुसऱ्या रानात मनमुराद फिरतात त्या लाखो शेळ्यांमध्ये तो शोधायचा कसा? सूट एकदम काढून टाका असं मी म्हणत नाही. ती मुदतीची करा. दहा वर्षांनी संपणार हे आज जाहीर केलं तर शेतकऱ्याला जाळी घालायला वेळही मिळेल आणि कारणही.

कुंपणावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला पैशाचा. या भागात एकेक शेत हजारो हेक्टरचं. साधी काटेरी तार शेळीला अडवत नाही, ती खालच्या फटीतून पोट घासत निघून जाते. तिला गाठींची जाळी लागते, जमिनीपर्यंत, आणि ओढ्यानाल्यांच्या जागी पूर आला की ती वाहून जाते. एवढी जाळी शेळीच्या कमाईतून होणार नाही असं म्हणतात. सगळ्या शेताला नाही होणार, खरंच आहे. पण सगळ्या शेताला घाला असं कोण म्हणतंय? पाण्याच्या जागांभोवती भक्कम वाडे, जमिनीच्या एक-दोन गटांना जाळी जिथे हलका माल वजनाला येईपर्यंत ठेवता येईल, आणि उरलेल्या शेतातून शेळी काढून टाकणं एवढ्यावर सुरुवात होते. पश्चिम क्वीन्सलँडमध्ये शेजारी-शेजारी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन रानकुत्र्यांविरुद्ध सामाईक कुंपणं घातली. त्यात सरकारचाही पैसा होता. तिथे कुत्रा बाहेर राहिल्यावर आतली शेळी हिशेबात आणणं सोपं झालं. त्या कुंपणांनी इमू आणि कांगारूंच्या वाटाही अडवल्या, ही त्यांची काळी बाजू. ती मी लपवणार नाही, आणि नव्या जाळीला परवानगी देताना ती तपासायलाच हवी.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. कुंपण घातलं म्हणून जमीन वाचते असं थोडंच आहे? मेंढ्या कुंपणातच होत्या, तरी याच प्रदेशाचं काय झालं? १८९० च्या दशकात कर्ज, दुष्काळ, ससे आणि बेसुमार मेंढ्या यांनी न्यू साउथ वेल्सचा पश्चिम विभाग इतका खंगला की राज्याला रॉयल कमिशन, म्हणजे चौकशी आयोग, नेमावं लागलं. जमिनीला पेलतील त्याहून जास्त जनावरं तिच्यावर लादली गेली होती, कारण हप्ता भरायचा होता. त्यातून १९०१ चा वेस्टर्न लँड्स कायदा आला, आणि जवळजवळ सगळी जमीन सरकारी मालकीची राहून भाडेपट्ट्यावर गेली. शेळी कुंपणात घेऊन शेतकरी तीच चूक पुन्हा करू शकतो, शेळी मेंढीपेक्षा चिवट असल्यामुळे जास्त काळ करू शकतो. मेंढी मरायला लागली की शेतकरी सावध होतो. तेव्हाही शेळी सालं कुरतडत जिवंत असते.

याला उत्तर त्या भाडेपट्ट्यातच आहे. तो जुना कायदा आता राज्याच्या सरकारी जमिनींच्या २०१६ च्या कायद्यात विलीन झाला आहे, पण सरकार अजून जमीनमालकच आहे. मेंढी, गाय, शेळी आणि कांगारू यांची मिळून एकत्रित चराई किती, हे मोजायची पद्धत तिथल्या कृषी खात्याला नवी नाही. आज त्या हिशेबात मोकाट शेळीचा आकडा अंदाजपंचे असतो. शेळी कुणाचीच नसल्यामुळे तिचं ओझं कुणाच्याच नावावर पडत नाही. कुंपणात आल्यावर ती शेतकऱ्याच्या नावावर येते, आणि मग जमीनमालक सरकार त्याला विचारू शकतं. कुंपणाचा मुख्य फायदा माझ्या मते हाच आहे: जाळीने शेळी अडते, त्याहून जास्त ‘शेळी माझी नाही’ ही पळवाट अडते.

ही पळवाट किती महाग पडते हे काही शेतकऱ्यांना एव्हाना दुसऱ्याच वाटेने कळलं आहे. कोबार आणि बर्कच्या आसपास गेल्या दशकात रान पुन्हा वाढू देऊन, झाडांनी हवेतून शोषलेल्या कार्बनचे पैसे घेणारे प्रकल्प मोठ्या संख्येने झाले. २०१५ च्या एप्रिलमधल्या पहिल्या सरकारी लिलावात टनाला सरासरी १३.९५ डॉलर मिळाले होते. त्या पद्धतीने नवे प्रकल्प घेणं २०२३ च्या सप्टेंबरअखेर बंद झालं, आणि त्यातला कार्बन कितपत खरा यावर शास्त्रज्ञांत कडाक्याचं भांडण झालं. तो वाद इथे नको. पण ज्याने करार केला त्याची जबाबदारी पंचवीस किंवा शंभर वर्षांची आहे, आणि त्याला मुल्गाचं रोप जगवून दाखवायचं आहे. त्याच्याच रानातली शेळी ते रोप खाते. शेजाऱ्याची शेळीही येऊन खाते, आणि शेजारी म्हणतो, माझी कुठे आहे? एकाच पट्ट्यात एक जण रोपावर पैसे घेतो, दुसरा रोप खाणाऱ्यावर. यांचं जमायचं तर मधे जाळी लागणार आणि शेळीला नाव लागणार.

राष्ट्रीय उद्यानांच्या बाबतीत मी शेतकऱ्याच्या बाजूला नाही. तिथली शेळी ही शेजाऱ्याची राखीव ठेव होता कामा नये. उद्यानातून शेळ्या धरून न्यायला ठेकेदार भाव असेल तेव्हा आनंदाने येतो, नसेल तेव्हा फोन उचलत नाही. तेव्हा सुरुवातीचा मोठा कळप धरून विकून खर्च निघत असेल तर जरूर काढावा, पण उरलेल्या, डोंगरात शिरलेल्या शेळ्या हेलिकॉप्टरमधून टिपाव्या लागतात, आणि शेवटच्या काही शोधायला एका शेळीच्या गळ्यात रेडिओपट्टा बांधून तिला सोडावं लागतं. ती एकटी राहू शकत नाही, इतरांना शोधते आणि शोधणाऱ्यांना पत्ता देते. येशूला दगा देणाऱ्या शिष्यावरून तिथले लोक तिला ज्युडास शेळी म्हणतात. इतकं मटण रानात कुजतं याचा शेतकऱ्याला संताप येतो, आणि तो मला समजतो. पण शेवटच्या दहा टक्के शेळ्यांना बाजारात गिऱ्हाईक नसतं, कारण त्यांना धरायचा खर्च त्यांच्या भावाच्या कितीतरी पट असतो. त्या सोडल्या तर दोन-तीन पावसाळ्यांत सगळं पूर्ववत.

राहिला प्रश्न वेळेचा. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाची शेळीच्या मटणाची निर्यात पन्नास हजार टनांच्या वर गेली, हा विक्रम होता. त्याच वर्षी जानेवारीत दक्षिण कोरियाने कुत्र्याच्या मटणावर बंदीचा कायदा केला. तो २०२७ पासून अमलात येतो, आणि तिथली उपाहारगृहं शेळीकडे वळू लागली आहेत. मागणी आहे तोवर शेतकऱ्याच्या हातात पैसा आहे, आणि पडत्या भावात त्याला जाळी विकत घ्या म्हणून सांगण्यात काही हशील नाही. राज्य सरकारने आत्ता कर्ज द्यावं, तेही फक्त पाण्याभोवतीच्या वाड्यांना आणि करडं वाढवायच्या गटांना. परतफेड शेळीविक्रीच्या टक्केवारीने घ्यावी, म्हणजे भाव पडेल त्या वर्षी हप्ता आपोआप लहान होईल. अट एकच घालावी: वाड्यात आलेलं करडू परत रानात सोडायचं नाही. ते वाढवा, वाढवणाऱ्याला विका किंवा मारा. डेपोवाल्यांनी हलका माल विकत घेऊन वजनाला आणायचा धंदा केला तर शेतकऱ्याला त्या करडाचेही चार पैसे सुटतील. जाळी आणि चारा असलेल्या डेपोला ते जमण्यासारखं आहे, आणि सरकारी कर्जाचा पहिला हक्कदार मी शेतकऱ्याच्याही आधी अशा डेपोला मानेन.